रमजानात पिकणारं शेत

भोकरदन
७ जानेवारी २०२५

प्रिय रुकय्या,

अस्सलामु अलैकुम. तू, सबा आणि पुण्यात नवीद खुशाल असाल. तुझ्या भाभीचा गुडघा सोडला तर आमच्याकडेही सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण आमच्या घरी फोन म्हणजे सगळ्या घराचा कार्यक्रम असतो. भाभी स्पीकर लावते आणि मधेच स्वतःच बोलायला लागते. शिवाय तीस वर्षं पोरांना मराठीतलं पत्रलेखन शिकवलेल्या माणसाने निदान सख्ख्या बहिणीला तरी पत्र लिहावं.

काम तसं काही नाही. सहज काही गोष्टी विचारायच्या आहेत. गेल्या महिन्यात आपल्या गावचा मुश्ताक ट्रक घेऊन बीडकडे जाताना शहागडला थांबला होता. तो सांगत होता की तुझ्या ओट्यावर मोटरचं मोठं शिवणयंत्र आलंय आणि सीटकव्हरच्या कामासाठी गाड्या थांबलेल्या असतात. ऐकून आनंद झाला. मशीन स्वतःचं घेतलंस का? नवीद महिन्याला काही पाठवतो, की त्याचं त्यालाच पुरत नाही? आणि अम्मीचे चांदीचे तोडे तुझ्याकडे आहेत, त्यांचं वजन किती भरलं होतं ते आठवतं का? माझ्या अंदाजाने पन्नास तोळ्यांच्या वर असावेत. घरात दुसरं काही सोनं-नाणं असेल तर तेही लिही.

जल्दी लिही आणि नेमकं लिही. रमजान मार्चच्या सुरुवातीला लागतोय, त्याच्या आत कळलं तर बरं.

आमच्या मशिदीत नवे मौलाना आले आहेत. वयाने तरुण आहेत, पण बोलतात चांगलं. दर शुक्रवारी दीन कोणता आणि रिवाज कोणता, धर्माने सांगितलेलं काय आणि लोकांनी लावून घेतलेलं काय, ते वेगवेगळं करून सांगतात. मी वीस वर्षं हेच सांगत आलो, पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं.

तुझा भाऊ,
इनायत


शहागड
१६ जानेवारी २०२५

भाईजान,

वालेकुम सलाम. पत्र मिळालं. तुम्ही सहज विचारलेल्या गोष्टी मी दोनदा वाचल्या. शाळा तपासायला येणारे साहेब आधी पोरांना लाडाने नाव-गाव विचारतात आणि मग हळूच मस्टर मागतात, असं तुम्हीच सांगायचात. मला त्या साहेबांची आठवण झाली.

मशीन माझं नाही. ते रेक्झिनवाल्या बद्रीनाथ सेठचं आहे. रेक्झिन त्यांचं, शिलाई माझी, कव्हरामागे मजुरी मिळते. उद्या वाकडं आलं तर ते मशीन टेम्पोत घालून घेऊन जातील. मुश्ताक माझ्याकडे चहा प्यायला, साखर कमी आहे म्हणाला आणि जाताना माझी इस्टेट मोजून गेला, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. नवीद कधी पाठवतो, कधी माझ्याकडूनच मागवतो. सोन्याचं म्हणाल तर कानातलं आहे, तेही भोकं बुजू नयेत म्हणून.

तोड्यांचं का विचारता? अम्मीने ते भाभीच्या देखत माझ्या पायात घातले होते. ती जाऊन आठ वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत तुम्हाला तोडे आठवले नाहीत आणि आता चांदीचा भाव चढल्यावर वजन पाहिजे. भाभीला पाहिजेत, की तुमच्या रिजवानच्या बायकोला? ते आधी सरळ लिहा, मग मीही सरळ लिहीन.

आता मीही एक सहज विचारते. नवीदचे अब्बा गेल्यापासून तुम्ही मला दर साली केदारखेड्याच्या शेताचा वाटा पाठवता. अम्मी तसं सांगून गेली म्हणून पाठवतो म्हणता. तो यंदा येणार आहे ना? सबाच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, फी जूनमध्ये भरायची आहे. आजवरचं तिचं शिक्षण त्याच वाट्यावर झालं. ही मुलगी पायावर उभी राहिली की मला दुनियेकडून दुसरं काही नको.

तुमची बहीण,
रुकय्या


भोकरदन
२७ जानेवारी २०२५

रुकय्या,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. भाभीला तोडे नकोत, सुनेलाही नकोत. मोठ्या भावाने विचारलं तर बहिणीने उत्तर द्यावं, एवढी साधी गोष्ट आहे. तू मात्र वकील लावल्यासारखं लिहितेस. वजन किती ते लिहिलं नाहीस. तोडे आहेत, हेही लिहिलं नाहीस. ज्याच्याकडे लपवायला काही नाही तो असं लिहीत नाही.

मी घराची एक नोंद करतोय. कोणाकडे काय आहे, कोण गरजू आहे, कोण नाही. त्यापलीकडे काही नाही.

तुला वाटत असेल भाईजान उगाच टोकतो. पण नवीदचा अब्बा दस्तगीर गेला तेव्हा चाळिसाव्याला तू उसने पैसे घेऊन दीडशे माणसं जेवू घातलीस. तेव्हाही मी म्हणालो होतो की हे दीन नाही, हा रिवाज आहे. माझ्या घरात मी हे सगळं बंद केलं. अब्बांच्या बरसीच्या जेवणाची देग बंद, दर्ग्याची चादर बंद. सत्तावीस रमजानला दारात बायकांची रांग लावून साड्या वाटायचो, तेही बंद केलं. गरिबाचा चेहरा चारचौघांत दाखवून दान करणं आपल्या धर्माने शिकवलेलं नाही. लोक मला कंजूस म्हणाले. म्हणू दे.

वाटा येईल. पण त्याआधी मला माझ्या प्रश्नांची उत्तरं पाहिजेत.

इनायत


शहागड
९ फेब्रुवारी २०२५

भाईजान,

घ्या उत्तर. तोडे नाहीत. नवीदच्या अब्बांना छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाच विकले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण भाभीला कळलं असतं आणि अम्मीची निशाणी विकली म्हणून मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. लपवायला माझ्याकडे एवढंच होतं.

आता माझी पाळी. तोड्यांचं वजन आणि शेताचा वाटा यांचा संबंध काय, याचा विचार करत मी पंधरा दिवस काढले. पीक शेतात येतं, माझ्या कानातल्यात नाही. मग वाटा देण्याआधी माझं सोनं कशाला मोजायचं? एकदा शंका आली की मागचं सगळं आठवतं. पहिला वाटा आला तो मे महिन्यात, घरात कैऱ्या होत्या. पुढच्या साली लॉकडाऊन होता, भोकरदनचा बाजार बंद, माल घ्यायला कोणी नाही, तरी वाटा आला. मग एप्रिलच्या मध्यात आला, मग एप्रिलच्या सुरुवातीला. गेल्या साली तर मार्चमध्येच. दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे. मी सबाला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "अम्मी, मामूंचं शेत चाँद बघून पिकतं का?" तेव्हा ध्यानात आलं, ते सगळे रमजानचे महिने होते.

परवा मी तुम्हाला न सांगता केदारखेड्याला गेले. शहागडहून जालना, तिथून भोकरदनची गाडी. शेत बटाईने करणारा पुंजाराम बांधावरच भेटला. मी विचारलं, मास्तर रमजानात पैसे न्यायला येतात का. तो म्हणाला, "रमजानात कशाला येतील ताई? मास्तर दिवाळीलाच हिसाब बराबर करून घेतेत. अन् यंदा तं पाण्यानं सगळं सोयाबीन गेल्तं. मीच त्याह्यला म्हनलो, अवंदा माफ करा." मग मी त्याला विचारलं, दर साली माझा वाटा वेगळा काढतात का. तो म्हणाला, "तुमचा कोन्ता वाटा? मला तं कुनी सांगलं न्हाई."

येताना गाडीत मला खिडकी मिळाली होती, पण बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की माझी अम्मी मेल्यावरही मला शेतातून घास काढून देते. नमाजनंतर तिच्यासाठी दुआ मागत आले.

रमजानात गरिबाला काढून देतात ती जकात आहे का ती? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

रुकय्या


भोकरदन
१७ फेब्रुवारी २०२५

रुकय्या,

हो.

तू परक्यासारखी चोरून बटाईदाराकडे चौकशी करत फिरलीस, ते मला आवडलं नाही. पण एवढी गेलीसच, तर आता सगळं ऐक.

दस्तगीर गेला तेव्हा तुझ्या घरात काय उरलं होतं ते मी पाहिलं होतं. माझ्या पेन्शनीतून मागे पडलेल्या रकमेवर दर रमजानात जकात निघते. ती आधी जवळच्या गरजूला द्यावी, असंच दीन सांगतं. आईबापांना देता येत नाही, लेकरांना देता येत नाही, पण गरीब बहिणीला देता येते. उलट तिला दिली तर सवाब दुहेरी, एक दानाचा आणि एक नातं सांभाळल्याचा. आणि ही जकात आहे असं घेणाऱ्याला सांगायची सक्तीही नाही. आता आपल्याकडचा रिवाज बघ. बहिणीला जकात दिली म्हटलं की लोक नाक मुरडतात, भावाने बहिणीला भिकारणींत बसवलं म्हणतात. आणि तूही घेतली नसतीस. मी तुला ओळखतो. म्हणून शेताचं नाव सांगितलं. यात मी दीन पाळला आणि रिवाजाला बगल दिली. तुझी मान खाली जाऊ दिली नाही.

नव्या मौलानांनी सांगितलं की घेणारा खरंच गरजू आहे याची खात्री करा. ज्याच्याकडे साडेबावन्न तोळे चांदीइतका ऐवज पडून आहे, त्याला जकात चालत नाही. मुश्ताक मशीनचं बोलला आणि माझ्या मनात आलं, आपली जकात वाया तर जात नाही ना? म्हणून तोडे विचारले. तुला संशय आला, तसा मलाही आला होता. तो फिटला. तू हकदार आहेस, हे आता नक्की झालं.

रमजान लागला की सबाच्या खात्यावर रक्कम टाकतो. डोक्यात राग ठेवू नकोस.

इनायत


शहागड
२६ फेब्रुवारी २०२५

भाईजान,

तुम्ही मला हकदार लिहिलंत. मी तो शब्द बघत बसले.

जकात घेण्यात लाज नाही, हे मलाही माहीत आहे. आमच्या गल्लीत दोघी-तिघी घेतात, मीच त्यांना समजावते की हा अल्लाहने ठरवलेला हिस्सा आहे, कोणाचे उपकार नाहीत. तुम्ही समोर बसून म्हणाला असतात की रुकय्या, ही जकात आहे, सबासाठी ठेव, तर मी रात्रभर रडले असते आणि सकाळी घेतली असती. पण तुम्ही मेलेल्या आईच्या तोंडी खोटं घातलंत. नाव सांगायची सक्ती नाही, हे दीन. दुसऱ्याचं नाव सांगायचं, हे कुठलं?

आता मी तुम्हाला एक रिवाज दाखवते. तुमच्या यादीत तो नाही. अब्बा गेल्यावर तुम्ही मला भोकरदनला बोलावलंत. भाभीने बिर्याणी केली होती, मला हिरवी साडी घेतली होती. जेवण झाल्यावर तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतलीत. मला वाचता येत होतं, मी वाचलं. तरी सही केली, कारण अम्मीने तिच्या भावाला करून दिली होती, अब्बांच्या बहिणीने, फूफूने केली होती, आपल्याकडे सगळ्याच बहिणी करतात. हिस्सा मागणारीला माहेर उरत नाही म्हणतात. मला माहेर पाहिजे होतं. पण कुराणात भावाचे दोन भाग तर बहिणीचा एक, हे ठरवून दिलंय. भावाने परवानगी दिली तर, असं तिथे लिहिलेलं नाही. नऊ एकरातले तीन माझे होते.

तुम्ही देग बंद केलीत, चादर बंद केलीत, साड्या बंद केल्यात. ज्या ज्या रिवाजाला तुमचा खर्चा होता तो तुम्हाला बराबर दिसला. ज्याच्यातून तुम्हाला तीन एकर मिळाले, तो एवढा दिसला नाही.

तुमच्या मौलानांना माझ्या नावाने एकच गोष्ट विचारा. बहिणीची जमीन खाऊन तिला गरीब केली, आणि ती गरीब आहे म्हणून तिला जकात दिली, तर ती जकात होते का? विचारायला जाल की नाही, याची मला शंकाच आहे.

सबाच्या खात्यावर काही टाकू नका.

रुकय्या


शहागड
२५ मार्च २०२५

भाईजान,

महिना झाला, उत्तर नाही. चौथ्या रोजाला सबाच्या खात्यावर पैसे आले, ते मी त्याच दिवशी परत पाठवले. सबा रडली. फीचं काय करायचं ते तिलाही कळेना, मलाही कळेना. तरी पाठवले.

काल मुश्ताकचा फोन होता. रिजवान भोकरदनच्या वकिलाकडे कागद घेऊन गेल्ता म्हणे. तोंडाने उत्तर द्यायचं नाही आणि वकील गाठायचा, असं चाललंय का? माझी सही किती पक्की आहे ते बघताय? बघा. पक्की आहे, मीच केलीय.

ईद मुबारक आधीच लिहून टाकते, नंतर लिहावंसं वाटेल की नाही ते सांगता येत नाही.

रुकय्या


भोकरदन
६ एप्रिल २०२५

प्रिय रुकय्या,

उशीर केला. तीन वेळा पत्र लिहून फाडलं. पोरांच्या वह्यांत मी खाडाखोडीला गुण कापायचो.

तुझं पत्र आलं तेव्हा मला फार राग आला. मौलानांकडे गेलो तो तुझं तोंड बंद करायलाच. आपलं गाव सांगितलं नाही, बहिणीचं नाव सांगितलं नाही, एका ओळखीच्या माणसाचा मसला म्हणून विचारलं. ते पोरगं माझ्या रिजवानपेक्षा लहान आहे. त्याने मला पाणी दिलं आणि विचारलं, "मास्तरसाब, त्या माणसाने बहिणीचा हिस्सा दिला होता का?" मी म्हणालो, तिने राजीखुशीने सोडला. तो म्हणाला, "रिवाजाच्या दबावाने सोडला असेल तर ती राजीखुशी कशी? ज्याचं देणं बाकी आहे त्याला त्याचंच थोडं थोडं दिलं, तर ती जकात झाली नाही. त्या माणसाची जकात अजून त्याच्यावर बाकी आहे." मग म्हणाला, "त्या माणसाला सांगा, घाबरू नका. वेळ गेलेली नाही." त्याला कळलं होतं तो माणूस कोण आहे.

घरी सांगितलं. भाभीने दोन दिवस बोलणं टाकलं. रिजवान म्हणाला, फूफूने सही दिलीय, आता कशाचा हिस्सा. वकिलाकडे तो त्यासाठीच गेला होता, मला न विचारता. तुझा मुश्ताक खरं बोलला.

आता जे लिहितो ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. मी अम्मीच्या तोंडी खोटं घातलं म्हणतेस. पूर्ण खोटं नव्हतं, आणि ते खोट्यापेक्षा वाईट आहे. शेवटच्या आठवड्यात रात्रीचा मीच तिच्याजवळ असायचो. एकदा ती चांगली शुद्धीत होती. म्हणाली, "इनायत, मैंने अपने भाई को सही देके गलत किया, तू मेरी बेटी से लेके गलत किया. रुकय्या के तीन एकर उसके नाम पे कर दे." मी हो म्हणालो. ती गेली, आणि मी विचार केला की आजारी माणूस काहीही बोलतं. वर्षभराने दस्तगीर गेला. तेव्हा मनाला लागलं, म्हणून तिच्या बोलण्यातले तीन एकर काढून टाकले आणि वाटा तेवढा ठेवला. तू तिच्यासाठी दुआ मागत होतीस हे वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. ती दुआ तिला पोचू दे. ती तुझं मागूनच गेली होती.

तीन एकर तुझ्या नावावर करतो. हक्कसोड होऊन गेलंय, त्यामुळे आता बक्षीसपत्र करावं लागेल असं रजिस्ट्री ऑफिसात सांगतात. मसुदा सोबत पाठवतोय. सही करून पाठव, बाकी मी बघतो.

तुझा अपराधी भाऊ,
इनायत


शहागड
१८ एप्रिल २०२५

भाईजान,

पत्र वाचलं. अम्मीचं बोलणं वाचलं. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही, लिहिलं तर वाईट लिहीन.

सही करून पाठव, बाकी मी बघतो, हे तुम्ही अब्बा गेल्यावरही म्हणाला होतात. या वेळी बाकीचं मीही बघणार आहे. मसुदा मी आणि सबाने मिळून वाचला. मग बद्रीनाथ सेठच्या ओळखीच्या वकिलाला दाखवला. त्यांनी गट नंबर आणि चतुःसीमा नकाशावर ताडून पाहिल्या. तुम्ही लिहिलेले तीन एकर विहिरीकडचे निघाले. मला वाटलं होतं खडकाळ बाजूचे असतील. मनात आलं ते सांगते, लपवत नाही.

बक्षीस हा शब्द मला टोचतो. माझंच मला बक्षीस. पण सरकारी कागदाला दुसरा शब्द सापडत नसेल तर असू दे. माझी अट एकच आहे. रजिस्ट्रीच्या दिवशी दोन साक्षीदारांसमोर, रिजवानसमोर, तुम्ही तोंडाने म्हणायचं की हा माझ्या बहिणीचा हिस्सा आहे, मी ठेवून घेतला होता. दान म्हणायचं नाही, मदत म्हणायचं नाही, अम्मीची इच्छाही म्हणायची नाही.

तारीख कळवा. मी सबाला घेऊन येते.

रुकय्या


भोकरदन
१४ जून २०२५

प्रिय रुकय्या,

सात-बारावर तुझं नाव चढलं. उतारा सोबत आहे. रुकय्या दस्तगीर पठाण, एक हेक्टर वीस आर. काना, वेलांटी सगळं मी तपासलंय.

रजिस्ट्रीच्या दिवशी मी बोललो ते ऐकून रिजवान खाली मान घालून बसला. आठ दिवसांनी त्याच्या बायकोने मला विचारलं, अब्बा, माझ्या माहेरी माझा हिस्सा किती होतो? या घरात आता काय काय निघणार आहे कोण जाणे.

मी माझी सहा वर्षांची जकात पुन्हा काढायला घेतली आहे. एकदम जमणार नाही, हळूहळू देतोय. ज्यांना देतो त्यांना ती जकात आहे म्हणून सांगतो.

तू त्या दिवशी सही करून परस्पर स्टँडवर गेलीस. घरापासून दोनशे पावलांवर होतीस. भाभीने बोलावलं नाही, हे खरं आहे. तिचं मन अजून वळलेलं नाही. सबाच्या फीचं काय केलंस? मी देऊ का, असं विचारायचीही आता भीती वाटते. पेरणीला येशील तेव्हा कळव.

इनायत


शहागड
२९ जून २०२५

भाईजान,

सबाची फी भरली. पुंजारामने माझे तीन एकर बटाईने घेतले आणि माझ्या वाट्यापोटी आधीच काही रक्कम उचल म्हणून दिली. पावतीवर पैसे कुठून आले असं कोणी विचारत नाही, तरी मी खिडकीवरच्या बाईला सांगितलं, शेताचे आहेत. तिने मान हलवली आणि शिक्का मारला. सबा बाहेर येऊन हसली, म्हणाली अम्मी, तिला काय करायचंय.

पेरणीला आले ते तुम्हाला कळवलं नव्हतं. तरी तुम्हाला पुंजारामने सांगितलंच. बांधावरून तुम्ही चालत येताना दिसलात, हातात पाण्याची कळशी. या वयात, त्या चिखलातून. भाभी सोबत नव्हती. तुम्ही पेला भरून दिलात.

तो पेला मी बराच वेळ हातात धरून होते, ते तुम्ही पाहिलंत. तुम्हाला वाटलं असेल की पाणी गढूळ आहे. पाणी चांगलं होतं. मी विचार करत होते की हे पाणी कशाचं आहे. बहिणीला तहान लागली असेल म्हणून आणलंय, की मौलाना काही बोलले म्हणून, की पुढे रिजवानला एखादी सही पाहिजे म्हणून. भर उन्हात माझा सख्खा भाऊ मला पाणी देतोय आणि मी त्याचं कारण शोधतेय. मला माझीच शरम वाटली, पण विचार थांबला नाही. शेत नावावर व्हायला दोन महिने लागले. हे जायला किती लागतील ते कोणत्या ऑफिसात विचारायचं?

पाणी मी प्यायले. अर्धा पेला.

खुरपणीला मी पुन्हा येणार आहे, श्रावणाच्या सुरुवातीला. तुम्हीही या, आणि पाणी आणा. कारण सांगू नका. मी शोधत राहीन, शोधू द्या. एखाद्या दिवशी पेला पूर्ण रिकामा करून तुमच्या हातात देईन आणि तेव्हा माझ्या मनात काहीच आलेलं नसेल. मला तो दिवस पाहिजे आहे, तीन एकरांपेक्षा जास्त पाहिजे आहे.

तुमची बहीण,
रुकय्या